घाटातल्या फक्कीच्या दोन रेघा

पौषातला रविवार. हवा कोरडी, कापूस वेचून झालेला, केळीला पाणी चालू. ठिकाण ब्राह्मणपुरीचं घर, मागचं अंगण. हजर: माय, उन्हात खाटेवर. रमणभाई, माझा थोरला भाऊ, सकाळीच सुरतहून आलेला. केतकी, माझी मुलगी. आणि मी, लोणखेड्याहून मायच्या गोळ्या, हरभऱ्याची भाजी आणि दिवसभराच्या कामांची यादी घेऊन. गैरहजर: आबा, आमचे वडील. ते आता भिंतीवरच्या फोटोत असतात आणि तिथूनही बागेला पाणी नीट जातंय का हेच बघत असल्यासारखे दिसतात.

मी लोणखेड्याला मुलींच्या वसतिगृहाची व्यवस्था बघते, त्यामुळे यादीशिवाय माझं पान हलत नाही. आजच्या यादीत मागची खोली आवरणं होतं, मायची नखं कापणं होतं, पाण्याची टाकी धुणं होतं. केतकीने आणलेलं पार्सल यादीत नव्हतं. ती शहाद्याहून तळोद्याला नोकरीसाठी मोटरसायकलने जाते. तिने खोका उघडला आणि त्यातून लाल जाळीचा, शंकूसारखा एक हवेचा फिल्टर बाहेर काढला. मूळ फिल्टरचा डबा काढायचा आणि हा उघडा बसवायचा, की गाडी हलकी पळते, असं तिला ऑफिसातल्या कुणीतरी सांगितलं होतं. वस्तू स्वस्त, बसवायला सोपी. "मामा, खरंच पिकअप वाढतो का हो याने?" तिने विचारलं. भाईने तो शंकू हातात घेतला, उलटा-सुलटा केला, त्याच्या तोंडाशी नाक नेऊन वास घेतला. मग माझ्याकडे बघून हसला.

"बेन, तू सांग तिले. फक्की तुन्हा हातमा व्हती."

म्हणून हे लिहिते आहे.

मी शाळेत जात होते त्या वर्षांत आमच्याकडे एक जुनी डिझेलची जीप होती. मागे ताडपत्रीचं छप्पर, त्याला धुराचा वास, आणि पुढच्या काचेवर भाईने रंगाने काढलेलं मोराचं पीस, जे कोबीसारखं दिसे. आबांनी ती शेतीसाठी घेतली होती, पण तिचा जीव भाईवर जडला. खत, ढेप, केळीचे घड तर ती वाहायचीच, पण बाजाराच्या दिवशी भाई शहाद्याहून डोंगराच्या पायथ्याच्या गावांपर्यंत माणसं नेऊन सोडी. परत येई तो धुळीने पांढरा होऊन, भुवयासुद्धा पांढऱ्या, आणि ओट्यावर बसून तोंड धुताना त्या दिवशीच्या सगळ्या गोष्टी सांगे. कुणाची कोंबडी गाडीत अंडं घालून गेली, कुणी नवरीसारखी नवी छत्री जपून मांडीवर धरली होती. आमच्या घरात बोलणं अहिराणी, मधूनमधून गुजरीचे शब्द, आणि शाळेतली मराठी फक्त पुस्तक वाचताना. भाई मात्र गाडीत शिकलेली डोंगरातली भाषाही बोलून दाखवी आणि माय पदर तोंडाला लावून हसे. चुलीवर दादर ज्वारीची भाकरी फुगत असे, वरवंट्याखाली हिरव्या मिरचीचा ठेचा, बाहेर वाऱ्याने केळीच्या पानांचा फडफडाट. संध्याकाळ म्हटलं की मला आजही आधी ती पानं ऐकू येतात.

त्या जीपचं एकच दुखणं होतं. सपाटीवर ती घोड्यासारखी जाई, चढ आला की धापा टाकी. तोरणमाळच्या घाटात तिला दुसऱ्या गिअरमध्ये घ्यावंच लागे, आणि मागची माणसं गमतीने म्हणत, उतरून ढकलू का? भाईला ते लागे. त्याने आपलं निदान शोधून काढलं. बोनेटखाली डब्यासारखा काळा फिल्टर होता, त्याच्या तळाच्या वाटीत तेल. बाहेरची हवा आत शिरताना त्या तेलावरून वळून जाई, धूळ तेलात राही, हवा पुढे इंजिनात. अधूनमधून ती वाटी काढायची, चिखल झालेलं तेल ओतायचं, घासून नवं तेल भरायचं. हे काम माझं होतं आणि मी ते वेळेवर करी. पण भाईच्या मते सगळा दोष त्या डब्याचाच होता. "नाक दाबीसन कोन्ही पयी सकस का?" तो मला विचारी. नाक दाबून कुणाला पळता येतं? गाडीला मोकळा श्वास द्या, मग बघा.

शहाद्याला सलीमचाचांचं गॅरेज होतं. त्यांचे आजोबाही त्याच गल्लीत बैलगाड्यांची चाकं बांधत. चाचा भाईशी हिंदीत बोलत, आबांशी अहिराणीत, आणि इंजिनाशी तिसऱ्याच कुठल्या भाषेत, पुटपुटत. भाईने त्यांना आपला बेत सांगितला तेव्हा त्यांनी कान खाजवला. "आवाज तो पक्का बढ़ेगा, रमण. ताकद का अल्लाह मालिक." भाईने त्यातलं पहिलंच वाक्य ऐकलं. विहिरीच्या लाइनीतून उरलेला पांढरा पीव्हीसी पाइप घरी पडलेला होता. तो घेतला, दोन कोपरे घेतले, चिकटवायचं सोल्युशन घेतलं. पाइप बोनेटमधून काढून काचेच्या बाजूने थेट छपरापर्यंत नेला, कारण वरची हवा थंड आणि चोख असते असा त्याचा हिशेब. राहिला फिल्टर. तो त्याने आमच्या ठिबकचाच काढला. नदीच्या पाण्यातली रेती जी जाळी अडवते ती धूळ अडवणार नाही का? आमच्या भागात ज्याच्या शेतात ठिबक, त्याचा त्या जाळीवर देवासारखा भरवसा, त्यामुळे मलाही ते पटलं. दुसऱ्या दिवशी आबा बागेतून परत आले.

"ठिबकना फिल्टर कोठे शे?"

"गाडीमा," भाई म्हणाला.

आबांनी जीपकडे बघितलं, छपरापर्यंत गेलेल्या पाइपाकडे बघितलं. "गाडी काय केळी शे का? पाणी कवय लावतस तिले?"

पण तो आवाज! तो लिहून सांगता येईल असं वाटत नाही, तरी प्रयत्न करते. आधी जीप नुसती खडखडत असे. पाइप लागल्यावर ती खोल, घोगरा श्वास ओढू लागली, मोठा प्राणी पाणी पिताना ओढतो तसा. वेग वाढवला की तो श्वास छातीत भरल्यासारखा चढे, सोडला की सुस्कारा. संध्याकाळी गाडी मुख्य रस्त्यावरून आमच्या फाट्याला वळली की घरात ऐकू येई. माय कुठेही असली तरी हात धुवून चुलीपाशी जाई, तवा चढवी, आणि भाई ओट्यावर येऊन बसेपर्यंत पहिली भाकरी फुगलेली असे. आधी तो कधी येणार ते कुणालाच कळत नसे, टोपलीतली गार भाकरी वाट बघत राही. पाइपानंतर एकदाही त्याने गार भाकरी खाल्ली नाही. माय गाडीच्या ताकदीबद्दल काही बोलली नाही. पण एकदा मला म्हणाली, "भलता गुणना पाइप शे."

आबांच्या मनात मात्र वेगळंच चाललं होतं. त्यांचे गुडघे दुखू लागले होते, बागेला एक धडधाकट माणूस हवा होता, आणि तो माणूस रस्त्यावर धूळ खात होता. एका जेवणात त्यांनी सांगून टाकलं, जीप विकू. भाईने घास खाली ठेवला. सुरतला आमच्या मामाचे कपड्याच्या गाठी वाहणारे टेम्पो होते आणि मामा त्याला केव्हाचा बोलावत होता. "गाडी गई ते मी बी सुरतले जास," तो म्हणाला. धमकी नव्हती ती. बागेत त्याचं मन कधीच लागलं नाही, हे आम्हा सगळ्यांना ठाऊक होतं. मायचा हात ताटावरच थांबला. मग भाईच पुढे म्हणाला की आता गाडी पूर्वीची राहिलेली नाही. घाट ती तिसऱ्या गिअरमध्ये चढेल, डोंगरातली जास्त माणसं नेता येतील, बागेला गडी ठेवता येईल.

आबांनी तोंडातला घास संपवला. मग म्हणाले, "शेजारी शेजारी लाव. एकच पाणी दे. मंग दखू."

ही आबांची पद्धत होती. कुणी नवं बियाणं घेऊन आला आणि कितीही वाखाणलं, तरी आबा वाद घालत नसत. एका ओळीत जुनं, लगतच्या ओळीत नवं, जमीन तीच, पाणी तेच, खत तेच. दोन्हींच्या मध्ये फक्कीची, म्हणजे चुन्याच्या भुकटीची रेघ. पीक उभं राहिलं की रेघेच्या दोन्ही बाजूंना बघायचं आणि मगच तोंड उघडायचं. तेच त्यांनी गाडीला लावलं. एकाच दिवशी, तोच घाट, तोच चालक, तेच ओझं. आधी जुन्या तेलाच्या फिल्टरवर, मग पाइपावर. पाइपावर गाडी घाटाचा पहिला मोठा चढ तिसऱ्यात चढली, तर जीप राहील आणि भाईही राहील. नाही चढली तर विकायची. भाईने लगेच हात पुढे केला. त्याला खात्री होती. मला त्याच्याहून जास्त होती.

ओझं म्हणून ढेपेची पोती घेतली आणि उरलेलं ओझं आम्ही. मागे माय, आबा आणि सलीमचाचा. पुढे भाईजवळ मी, मांडीवर फक्कीचा डबा. काम मला आबांनीच दिलं: भाईला दुसरा गिअर टाकावा लागला की त्याच क्षणी मूठभर फक्की रस्त्याच्या कडेला फेकायची. माय घाटात कधी गेलीच नव्हती. तिने लग्नाला जावं तसं नवं लुगडं नेसलं होतं आणि भाकऱ्या, ठेचा, गूळ, तिळाची चटणी असं फडक्यात बांधून घेतलं होतं. म्हसावद गेलं, राणीपूर गेलं, साग सुरू झाला. पानं मोठी, वाळलेली, चाकाखाली कुरकुरणारी. पायथ्याशी थांबून चाचांनी पाइप उतरवला, काळा डबा बसवला, आणि आम्ही निघालो. जीप खडखडत चढली. एका वळणावर, जिथे दरीच्या बाजूला एक सलाईचं झाड एकटं उभं होतं, तिचा दम गेला. भाईने गिअर टाकला, मी फक्की फेकली. वरच्या सपाटीपर्यंत जाऊन परत खाली आलो.

मोहाच्या सावलीत चाचा आणि भाई फिल्टर बदलत होते तेवढ्यात माय भाकऱ्या सोडून बसली. आबा गुळाचा खडा चोखत रस्त्याकडे बघत होते. भाईला मायने हाताने घास भरवला, कारण त्याचे हात काळे होते. इतका मोठा मुलगा, पण त्याने तोंड उघडलं. मी आज एवढ्या मुलींच्या जेवणाची सोय बघते, किती प्रकारच्या भाज्या, किती प्रकारच्या तक्रारी. पण त्या सावलीतल्या भाकरीची चव मला पुन्हा जमलेली नाही. फडकं तसंच बांधते, ठेचा त्याच मिरचीचा करते, तरी नाही.

दुसऱ्यांदा निघालो. पाइपाने पहिला श्वास घेतला आणि डोंगराने तो परत दिला. दोन्ही बाजूंना भिंती असल्यासारखा आवाज घुमत होता. साग मागे पळत होता. मागून माय, विमानात बसल्यासारखी, ओरडली, "व माय, इमानगत चालनी वं गाडी!" चाचा "शाबास, शाबास" म्हणत पत्र्यावर थापा मारत होते. सलाईचं झाड आलं. भाईने पाय खाली दाबला. आवाज चढत गेला, चढत गेला, आणि मग त्यातून काहीतरी निसटलं. गाडी थरथरली. भाईने गिअर टाकला. मी फक्की फेकली. पण मला वाटलं, आपण त्या झाडाच्या कितीतरी पुढे आलो आहोत. सगळ्यांनाच तसं वाटलं. वर पोचेपर्यंत माय सांगत होती की मागच्या वेळेपेक्षा लवकर आलो. तिसऱ्यात नाही चढली, हे खरं. पण एवढी पुढे गेली तर आबा मानतील, असं मी मनात म्हणत होते.

उतरताना भाईने झाडापाशी गाडी थांबवली. फक्कीचे दोन पट्टे रस्त्याच्या कडेला होते. एकमेकांना चिकटून. एकाची कड दुसऱ्यात मिसळलेली, आणि त्यातला पहिला कुठला, दुसरा कुठला, हे फेकणारी मी, मलाही सांगता येईना. आबा उतरले, दुखऱ्या गुडघ्यांवर खाली बसले, पेरलेलं उगवलं का बघायला बसत तसे. बोट त्या पांढऱ्यावरून फिरवलं. त्यांना आनंद झाला नव्हता, हे मला तेव्हाही दिसलं.

"बरोबरी शे, रमण."

चाचांनी हात फडक्याला पुसले. "आबा, आवाज ते वाढना ना पन," ते म्हणाले. आवाज तरी वाढला ना? आबा हसले. आबांचं हसू दुर्मीळ, ते त्या वळणावर खर्च झालं. भाईने पाइपाचा इंजिनाकडचा जोड उघडला आणि बोट आत घालून बाहेर काढलं. बोटाला पावडरीसारखी बारीक, तांबूस धूळ. ठिबकच्या जाळीने रेती अडवली असती; ही तिच्यातून सरळ आत गेली होती. त्याने ती अंगठ्याने चोळली, बराच वेळ चोळली, आणि शर्टाला पुसली. मागून, ताडपत्रीतून मायचं डोकं बाहेर आलं. तिला गिअर काय, रेघ काय, काहीच नीट माहीत नव्हतं.

"परत एकदाव जाऊत ना," ती म्हणाली.

घरी आल्यावर तेलाचा डबा परत बसला. गाडी पुन्हा नुसती खडखडत येऊ लागली. फाट्यावरून काही ऐकू येत नसे. माय अंदाजाने तवा ठेवी, कधी फार लवकर, कधी उशिरा, आणि भाई गार भाकरी दुधात कुस्करून खाई. होळीच्या आधी धडगावच्या बाजूला गाडी चालवणाऱ्या एकाने जीप घेतली. तिला शहाद्यापर्यंत पोचवायची आणि तिथूनच सुरतची बस धरायची, असं ठरलं. निघायच्या सकाळी मी उठले तर भाई बोनेट उघडून उभा होता. तो पाइप बसवत होता. मी विचारलं, आता कशाला? त्याने जोड घट्ट केला. मायच्या पाया पडला, आबांच्या पडला, माझ्या डोक्यावर टपली मारली, बॅग मागे टाकली. माय पिठाच्या हातांनी ओट्यावर उभी राहिली. गाडी दिसेनाशी झाली तरी तो श्वास येत होता. गावाच्या बाहेर. मग फाट्याला. मग फाट्याच्या पुढे, मुख्य रस्त्याने, बारीक होत होत. केळीची पानं मध्येच फडफडली की माय हाताने गप्प करावं तशी खूण करी. आबा बागेत गेले नाहीत तोपर्यंत. शेवटी ते म्हणाले, "ग्या आते," गेला आता, आणि मायने नकाराची मान हलवली. तिला अजून ऐकू येत होतं.

संध्याकाळी शहाद्याहून येणाऱ्या एकाच्या हाती पाइप घरी परत आला. भाईने शहाद्याला तो काढून तेलाचा फिल्टर नीट बसवून, नव्या तेलाने वाटी भरून जीप सोपवली होती. धूळ खाणारी गाडी दुसऱ्याच्या गळ्यात मारायची नाही, हे त्याला कुणी सांगावं लागलं नाही. पाइप मागच्या खोलीत गेला. तो अजून तिथेच आहे. आज सकाळी आवरताना मी तो उचलला, भंगारात टाकायच्या ढिगापर्यंत नेला आणि परत जागेवर ठेवला.

तर केतकीला मी काय सांगितलं? जे आहे ते सांगितलं. मूळ फिल्टर वेळेवर साफ कर किंवा बदल, टायरमध्ये हवा बरोबर ठेव, ऑइल लांबवू नको, त्याने फरक पडतो. हा उघडा शंकू लावलास तर गाडी गुरगुरेल आणि तुला वाटेल की पळते आहे. तळोद्याच्या रस्त्यावरची धूळ मात्र खरंच आत जाईल. तिने विचारलं, म्हणजे ते सगळं नुसतं वाटतं? मी हो म्हणाले. पण एक गोष्ट तिला सांगितली नाही, इथे लिहिते. मला अजूनही वाटतं की दुसऱ्यांदा आपण जास्त वेगाने चढलो होतो. फक्की नाही म्हणते. आबांची पद्धत चोख होती, मीही आयुष्यभर तीच वापरते. तरी डोळे मिटले की साग मागे पळतो आणि झाड केव्हाच मागे पडलेलं असतं.

भाईकडे आता बॅटरीवर चालणारी गाडी आहे. आज सकाळी ती फाट्यावरून आली, गल्लीत वळली, दारात उभी राहिली, आणि घरात कुणाला काही कळलं नाही. मायला तर भाईने पायांना हात लावला तेव्हा कळलं. ती दचकली. मग त्याचा चेहरा हातांनी चाचपत म्हणाली, "कवय वना रे? तवा बी नही ठेवा मी." चूल केव्हाच गेली, गॅसही आता मी किंवा शेजारची बाई पेटवते, पण तिने ते दोनदा म्हटलं.

दुपारी केतकीने शंकू खोक्यात परत ठेवायला घेतला तेव्हा मायने विचारलं, ते काय शे? केतकी तिच्या कानाशी वाकून ओरडली, "आजी, गाडीचा आवाज वाढवायची वस्तू आहे!"

"मंग रमणनी गाडीले बसाडा," माय म्हणाली. "तो येस तवय माले समजतच नही."

"माय," भाई म्हणाला, "मन्ही गाडीले इंजिन नही. ती हवा खातच नही." माय त्याच्याकडे बघत राहिली, जणू तो काहीतरी लपवतो आहे. त्याने मान खाली घातली आणि शर्टाच्या टोकाने तो नवाकोरा शंकू पुसत बसला.

संध्याकाळी तो निघाला. गाडी गेल्याचंही ऐकू आलं नाही. धूळ उडाली तेवढीच. खोका केतकीने माझ्याकडे दिला आहे. टाकी धुतली, नखं कापली, गोळ्या डब्यात भरल्या, यादीत त्यांच्यापुढे बरोबरच्या खुणा केल्या. शेवटी 'फिल्टर परत पाठवणे' असं मी दुपारीच लिहिलं होतं. ते आता खोडलं आणि 'फिल्टर बसवणे' असं लिहिलं. कुठल्या गाडीला, ते लिहायचं राहिलं आहे.